मदत हवी आहे: कनू-सफरीत (कनू म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी) प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा ख्रिस्ती विधी, कसं बसवायचं?

अमेरिकेतल्या मिनेसोटात, बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या संरक्षित रानात, लुथरन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) उन्हाळी शिबिराची 5 दिवसांची कनू-सफर आखतोय. तिथे एका गटात कमाल 9 माणसं आणि 4 कनू चालतात. खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे सीलबंद डबे यांना बंदी. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या प्रमाणानुसार 9 ते 14 वयाच्या 8 मुलांमागे 1 मोठा माणूस पुरतो, पण रानात ते अपुरं आहे. एक मूल जखमी झालं तर उरलेल्यांना कोण बघणार? म्हणून 2 काउन्सेलर (मुलांना सांभाळणारे शिबिरातले मोठे), 7 मुलं. गट भरला!

शेवटच्या संध्याकाळी प्रभुभोजन हवंच, आणि त्यासाठी दीक्षित पाळक (चर्चचे धर्मगुरू) लागतात. ते आले की एक मूल घटतं. काउन्सेलरच्या जागी त्यांनाच घेतलं, तर प्रथमोपचार आणि पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण आधी द्यावं लागेल. बिशपांच्या परवानगीने काउन्सेलरनेच विधी चालवलाय का कुणी? अर्ज किती आधी केला?

शिवाय, पाव दमट हवेत बुरशी धरतो, म्हणून बिनखमिराची कोरडी भाकर नेणार. तिचा चुरा मात्र अस्वलांना खेचतो. द्राक्षरस प्लास्टिकच्या बाटलीत आंबून फुगतो. यावर काय करता?