टेबल फॅन : कमी पैशांत कोणता घेतला, कसा चालला? नागपूरकरांचे अनुभव

त्रिमूर्तीनगर

घरात कूलर असताना टेबल फॅन कशाला, हे नागपूरबाहेरचा माणूस विचारील. इथल्याला माहीत आहे. मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की कूलर लावून उपयोग नाही, उलट चादर ओलसर, अंग चिकट आणि भिंतीला कुबट वास. छताचा पंखा तर वरच्या मजल्यावर स्लॅबची धग खाली लोटतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यात जो काही आधार आहे तो अंगावर सरळ वारा टाकणाऱ्या पंख्याचा.

आम्ही भाड्याने राहतो, दोन खोल्या. बजेट अडीच हजार, फार ताणलं तर तीन. मुलगी दहावीला, रात्री अभ्यास करते, त्यामुळे भर्र आवाज नको. सासूबाई खाली गादी टाकून झोपतात, म्हणजे वारा तिथपर्यंत पोचला पाहिजे. दुकानात गेले तर एकाने 'हाय स्पीड' गळ्यात मारायला घेतला, दुसऱ्याने बीएलडीसी (म्हणजे सर्किटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा). तुम्ही कोणता घेतलात, किती वर्षं चालला, बिघडला तर नेमकं काय बिघडलं, ते लिहा. 'अमुक कंपनी बेस्ट' एवढंच नको.

इतवारी, रिपेअरिंगवाला

दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात होते. बाबांच्या काळापासून पंखे अन् कूलरच्या मोटरी बांधून राहिलो, तर माझ्याकडे काय येते ते सांगतो.

टेबल फॅनमध्ये बिघडायसारखं आहेच किती! पहिला कंडेन्सर, मोटरीले फिरायचा जोर देणारी ते छोटी डबी. पंखा हळू फिरते, हातानं ढकलला का सुरू होते, तर नव्वद टक्के समजून घ्या कंडेन्सर गेला. शंभर-दीडशेत काम होते. लोकं त्याच्यासाठी पंखा भंगारात देतात, मले वाईट वाटते. दुसरा बुश, म्हणजे मोटरीचा दांडा ज्याच्यात फिरते ते कडी. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जी धूळ उडते न भाऊ, ते सारी मागच्या जाळीतून मोटरीत जाते, तेल सुकते, बुश घासते, मग पंखा कुरकुरते अन् एक दिवस जाम. वर्षातून दोनदा मागचं कव्हर खोलून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडा. खोबरेल सोडू नका! डिसेंबरात थिजते ते, अन् वरून धूळ धरते. तिसरा गिअर. डोकं इकडून तिकडे फिरवणारी ती पेटी. आतले दाते नायलॉनचे असतात. लेकरं पंखा फिरत असताना डोकं हातानं धरून वळवतात, अन् कटकट आवाज सुरू होते. तो गिअर मिळाला तर ठीक, लोकल मालाचा मिळत नाही.

आता घेताना काय पाहाल? वाइंडिंग, म्हणजे मोटरीतली गुंडाळलेली तार, तांब्याची आहे का विचारा, अन् बिलावर नाहीतर खोक्यावर लिहिलेलं दाखवा म्हणा. अॅल्युमिनियमची लवकर तापते, अन् जळाली का परत बांधायले परवडत नाही. दोन पंखे दोन हातात उचलून पाहा, त्याच साइझमधला एकदम हलका लागला तर मोटर बारकी आहे. बंद पंख्याचं पातं बोटानं फिरवा, सुळकन फिरून हळूच थांबलं पाहिजे. मग दुकानातच तीनही बटणावर चालवून घ्या. एक नंबरवर जो गुणगुणते तो घरी रात्री कानात भुणभुणते.

उषा, क्रॉम्प्टन, ओरिएंट, बजाज, काही घ्या. पार्ट मिळतात, मले एवढंच पाहिजे. ताई, तुमच्या बजेटमध्ये सोळा इंची साधा टेबल फॅन आरामात येते.

धरमपेठ

बीएलडीसीचा हिशेब मांडतो. निवृत्तीनंतर हाच उद्योग.

साधा सोळा इंची, म्हणजे ४०० मिलिमीटरचा पंखा साधारण ५०-५५ वॉट घेतो. त्याच मापाचा बीएलडीसी ३० च्या आसपास. फरक २५ वॉट धरा. रोज दहा तास चालवला तर पाव युनिट वाचतं, महिन्याला साडेसात. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, आणि फ्रीज-कूलरवाल्या घराचा १०० युनिटांचा पहिला टप्पा केव्हाच ओलांडलेला असतो. नऊ रुपये युनिट धरलं तर महिन्याची बचत सत्तरच्या आतच. आपण हा पंखा वर्षातून सहा महिने वापरणार, म्हणजे वर्षाचे चारशे. दुकानात बीएलडीसी साध्यापेक्षा दीड हजाराने महाग सांगतात. वसूल व्हायला पावणेचार वर्षं लागतील, आणि तेही मधे सर्किट उडालं नाही तर.

छताच्या पंख्याचं गणित वेगळं आहे. तो चोवीस तास, बारा महिने फिरतो. तिथे बीएलडीसी लावा, टेबलावर घाई नको.

एकच अपवाद, इन्व्हर्टर. ज्यांच्याकडे बॅटरी छोटी आहे त्यांना निम्मा लोड फार कामाचा. आणि स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर साधा पंखा त्याच्यावर घूं-घूं करतो, हा दोष पंख्याचा नसतो. व्होल्टेज पडलं तरी बीएलडीसीची गती सहसा टिकते, हेही मान्य.

इतवारी, रिपेअरिंगवाला

काका, हिशेब बरोबर आहे. बीएलडीसीचं सर्किट गेलं का आम्ही हात लावत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले जा म्हणतो. वॉरंटीत असला तर काही त्रास नाही.

हिंगणा रोड

आम्ही तिघं पोरं एका खोलीत, मिहानला आणि एमआयडीसीत नोकऱ्या. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) हजाराच्या आत मिळाला तो हाय स्पीडवाला बारा इंची आणला. वारा? विमान उडेल. आवाज? तोही विमानाचाच. मोबाईलवर घरी बोलायचं तर पंखा बंद करावा लागतो. पण तिघांनाही झोप लागते आणि कपडे रात्रीत वाळतात. दहावीच्या मुलीसाठी मात्र नाही म्हणेन.

खोक्यावर २००० च्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं तो हाय स्पीड. साधे पंखे १३०० ते १४०० मध्ये असतात. हाय स्पीडवाले शंभर वॉटच्या वरही जातात, घरमालक वेगळं मीटर वाचत असेल तर लक्षात ठेवा.

सक्करदरा

आमच्याकडे रांगतं बाळ होतं तेव्हा घेतलेला. त्यामुळे मी वाऱ्याआधी जाळी पाहिली. जाळीच्या काड्या दूरदूर असतील तर लहान बोट सहज आत जातं. काही पंख्यांची जाळी दाट असते, काहींना वरून नायलॉनची जाळीदार पिशवी चढवतात (गांधीबागेत मिळते, स्वस्त असते, फक्त धुवत राहावी लागते कारण ती भरली की वारा अर्धा). वायर भिंतीकडून जाईल अशी जागा आधी ठरवा. आमच्या शेजाऱ्यांचा पंखा वायर ओढली गेल्याने दोनदा टेबलावरून खाली आला, पातं तुटलं.

शेवटी आम्ही दोन कामांचा घेतला, टेबलावरही ठेवता येतो आणि भिंतीवरही टांगता येतो. बाळ चालायला लागल्यावर भिंतीवर चढवला. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोक पाडू देतो का ते आधी विचारा. खाली झोपणाऱ्या आजींसाठी मात्र भिंतीवरचा नको, डोकं खाली वाकतं पण मर्यादेतच. बुटक्या स्टुलावर टेबल फॅन हेच बरं.

मानेवाडा

मी उलटं सांगतो, घेऊच नका. पावसाळ्यात कूलरचा टुल्लू (पाण्याचा पंप) बंद करा, पाणी काढून टाका, नुसता पंखा लावा. फुकटात टेबल फॅन. आम्ही कित्येक वर्षं तेच करतो.

त्रिमूर्तीनगर

भाऊ, आमचा कूलर खिडकीत बसवलेला आहे, पलंगाच्या बाजूला. अभ्यासाचं टेबल दुसऱ्या खोलीत. आणि तो चालू असला की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो!

धरमपेठ

शिवाय लोखंडी कूलरचा पंखा साध्या टेबल फॅनच्या दुप्पट-तिप्पट वीज खातो. फुकट नाही ते.

मानेवाडा

बरं बाबा, घ्या.

महाल

आमचं घर जुनं, छत उंच, मधे चौक. छताचा पंखा इतका वर आहे की त्याचा वारा खाली येईपर्यंत दमतो. आमच्याकडे टेबल फॅनचं काम रात्री असतं आणि ते थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

मे महिन्यात दिवसा खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री साडेदहा-अकराला बाहेरची हवा घरातल्यापेक्षा थंड होते. तेव्हा रस्त्याकडच्या खिडकीसमोर टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवायचा, खिडकीला अगदी चिकटवून नाही, हात-दीड हात आत. चौकाकडचं दार उघडं. पंखा खोलीतली गरम हवा बाहेर फेकतो आणि चौकातून गार हवा आपोआप आत ओढली जाते. तासाभरात भिंती निवतात असं नाही, त्या पहाटेपर्यंत उबदारच असतात, पण हवा बदलते. मग पंखा फिरवून अंगावर घ्यायचा. पाहुण्यांना आधी वेडेपणा वाटतो, बाहेर तोंड करून पंखा!

नवतपात, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत, मध्यरात्रीपर्यंत थांबावं लागतं.

फ्लॅटमध्ये समोरासमोर खिडक्या असतील तरच हे जमेल. एकाच बाजूला खिडकी असेल तर फार फरक पडणार नाही.

मेडिकल चौक

दवाखान्यात काम करते, म्हणून एक गोष्ट. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम उडवतो, म्हणून गार वाटतं. हवाच अंगाच्या तापमानापेक्षा गरम असेल तर पंखा गरम हवा अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, तापमान ४० अंशांच्या खाली असेल तेव्हाच विजेचा पंखा वापरा. आपल्या इथे २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलं गेलं होतं, आणि ४४-४५ तर बहुतेक मे महिन्यांत असतंच. बंद खोलीत दुपारी नुसत्या टेबल फॅनसमोर बसलेली म्हातारी माणसं घाम येतो तेवढा लगेच सुकल्याने 'मला घाम नाही, मी ठीक आहे' म्हणतात, आणि आतून पाणी कमी होत जातं. सासूबाईंना मे च्या दुपारी कूलरच्या खोलीतच ठेवा. टेबल फॅनजवळ झोपल्या तर अंगावर ओलं पंचा-फडकं आणि तहान नसली तरी पाणी, ताक. टेबल फॅन जूननंतरचा, हे त्रिमूर्तीनगरच्या ताईंचं म्हणणं अगदी योग्य आहे.

हिंगणा रोड

२०२४ मध्ये तर ५६ पण आलं होतं, मोबाईलवर फोटो फिरत होते!

मेडिकल चौक

ते स्वयंचलित केंद्राचं सेन्सर बिघडलं होतं, हवामान खात्यानेच नंतर सांगितलं.

प्रतापनगर

खरेदीबद्दल. मार्च ते मे मध्ये पंखा घ्यायला गेलात तर दुकानदार बोलूही देत नाही, गिऱ्हाईक रांगेत असतं. ऑगस्टनंतर तोच पंखा शंभर-दोनशेने खाली येतो, आणि दाखवायला काढलेला तुकडा असेल तर आणखी. पण ताईंना आत्ता हवा आहे, तेव्हा ऑनलाइन किंमत बघून जा आणि ती दाखवून भाव करा. बर्डीवर ऐकतात. 'बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचवतो' म्हणतील. पंख्यावर १८ टक्के आहे, म्हणून मोह होतो. पण बिल नसलं की वॉरंटी कार्ड म्हणजे रद्दी. दोन वर्षांची वॉरंटी बहुतेक चांगल्या पंख्यांना असते.

ऑनलाइन मागवला तर पंखा सुटा येतो. पातं, जाळी, बैठक आपणच जोडायची. पात्याची चकती उलट्या आट्यांची असते, डावीकडे फिरवली की घट्ट होते. हे न कळल्याने माझ्या भावाने रागारागात ती चकतीच फोडली.

आणखी एक. खोक्यावर वॉट आणि आरपीएम मोठ्या अक्षरात असतात, पण 'एअर डिलिव्हरी', म्हणजे पंखा किती हवा फेकतो ते, बारीक अक्षरात. तोच आकडा वाचा. सोळा इंचीला मिनिटाला ६० ते ७० घनमीटर असेल तर घरासाठी भरपूर. नुसत्या आरपीएमवर जाऊ नका, लहान पातं जोरात फिरलं की आवाजच जास्त.

त्रिमूर्तीनगर

म्हणजे सोळा इंची, साधा, तांब्याची वाइंडिंग, बटणं बैठकीवर, जाळी दाट. आवाजाचं दुकानातच ऐकून. सासूबाईंचं माहेरचं जुनं एक धूड पडलं आहे माळ्यावर, लोखंडी पात्यांचं. रिपेअरिंगवाले भाऊ, ते सुरू होईल का, की नाद सोडू?

इतवारी, रिपेअरिंगवाला

लोखंडी पात्याचे जुने पंखे मोटरीले दणकट असतात, बुश अन् कंडेन्सर टाकला का चालते. पण त्याची जाळी पाहा. चार काड्या अन् मधे मोकळं, हात जाईल एवढं. लेकरंबाळं येत-जात असतील तर नवीन जाळी बसवल्याशिवाय लावू नका. वायर पण कापडी असेल, ते तर पहिले बदला, अन् तीन पिनची घ्या, बॉडी लोखंडाची आहे. घेऊन या, पाहून सांगतो. खर्च नव्या पंख्याच्या अर्ध्यावर गेला तर मीच नाही म्हणीन.