रामदुर्गनंतर गोवर-रुबेलाची लस: बाळाला द्यायची की नाही?

शहापूरची आई
माझी मुलगी नऊ महिन्यांची होत आली. आशाताई घरी येऊन लसीचं सांगून गेल्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. जानेवारी 2022 मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, ही लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळं दगावली. त्यांच्या आयाही विश्वासानंच गेल्या असतील ना? त्यात गोबी मंचुरीत रंग, भाजीवर फवारणी, खोकल्याच्या औषधात विष. एवढं सगळं पोटात जात असताना आणखी एक सुई कशाला? गोवर तर आम्हा सगळ्या भावंडांना येऊन गेला. तायी कार्डावरचं, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावरचं, कन्नड मला वाचता येत नाही आणि विचारलं तर "काही होत नाही, घ्या" एवढंच सांगतात.

निवृत्त परिचारिका, खानापूर
ताई, तुमची भीती खोटी नाही. रामदुर्गबद्दल मात्र पूर्ण ऐका. प्राथमिक चौकशीत लस साठवण्यात आणि हाताळण्यात गंभीर हयगय झाल्याचं पुढं आलं, कर्मचारी निलंबित झाले. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची, तोवर थंडीत ठेवायची. लोक ज्याला घाबरतात ते पाऱ्याचं संयुग, थायोमर्सल, या लशीत नसतंच. जंतू रोखणारं काही नाही, म्हणूनच हा चार तासांचा नियम एवढा कडक. तो मोडला तर बाटलीत जंतू वाढतात आणि त्यांचं विष बाळाच्या रक्तात भिनतं.

निपाणीकर
म्हणजे दोष माणसाचा. मान्य. खरं ज्या घरातलं बाळ गेलं, त्यांना त्याचा काय उपयोग? फ्रिज नीट चालतोय, बाटली कधी उघडली, हे आम्ही कसं बघायचं? आधी केंद्रं सुधारा, मग आमच्याकडं या. माझ्या नातवाला मी तरी थांबवून ठेवलंय. आणि या लशीनं ऑटिझम होतो, हेही ऐकलंय.

कडोलीचा शेतकरी
काका, ऑटिझमचं आधी. तो दावा 1998 च्या एका शोधनिबंधातून पसरला. त्याच नियतकालिकानं 2010 मध्ये तो मागं घेतला आणि मुख्य लेखक डॉक्टरचा परवानाही गेला. त्यानंतर लाखो मुलांची माहिती तपासली, संबंध सापडला नाही.

रसायनांवर मात्र मी ताईंच्या बाजूनं आहे, फक्त सगळी रसायनं एका टोपलीत घालू नका. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरी आणि बुढ्ढी के बाल यांतले कृत्रिम रंग बंद केले. गोबीचे 171 नमुने तपासले, त्यांतले 107 असुरक्षित निघाले. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग आहे हो, आणि तो यात्रेत पोरं चाटतात! कोबी-फ्लॉवरवर फवारल्यावर किती दिवस थांबून काढायचं, हे डब्यावर छापलेलं असतं. भाव चढला की ते कुणी पाळत नाही, हे मी शिवारात रोज बघतो. खोकल्याच्या सिरपचं तर 2025 चं मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आठवा. त्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनानं वीसहून जास्त मुलं गेली. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका, असं केंद्रानं सांगितलंय, तरी आपण दुकानातून बाटली आणतोच. इथं आरडाओरडा करायला हवा.

निपाणीकर
रंगाचं, फवारणीचं पटलं. लशीचं नाही. ज्यांना गोवर झाला ते सगळे ठणठणीत आहेत की.

निवृत्त परिचारिका, खानापूर
काका, जे गेले ते सांगायला येत नाहीत. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेली लहान मुलंच जास्त दगावली. गोवरानंतर न्यूमोनिया होतो, डोळे जातात, आणि अंगातली आधीची प्रतिकारशक्तीही बरीच पुसली जाते. आईकडून आलेलं संरक्षण नवव्या महिन्यापर्यंत ओसरतं. नातवाला थांबवलंत, ते नेमकं धोक्याच्या काळात.

शहापूरची आई
मग केंद्रात जाऊन मी नेमकं काय बघू, तेवढं सांगा. उपदेश नको.

निवृत्त परिचारिका, खानापूर
बाटली उघडल्याची वेळ तिच्यावर लिहिलेली असते, ती दाखवा म्हणा. झाकणावर लस उष्णतेनं बिघडली का ते दाखवणारं वर्तुळ असतं, त्यातला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका हवा. सुई तुमच्यासमोर नवी फोडायला लावा. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. ताप आला तर काय करायचं, हे मराठीत सांगा म्हणून हट्ट धरा. आपल्याकडच्या अनेक आशाताईंना मराठी येतं.

निपाणीकर
वेळ दाखवली नाही तर?

निवृत्त परिचारिका, खानापूर
तर त्या बाटलीतली लस घेऊ नका, नवी उघडा म्हणा, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तो तुमचा हक्क आहे.

शहापूरची आई
हे फोनमध्ये लिहून घेतलं. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नवऱ्याला सोबत घेऊन जाते. कार्डावर कन्नडमध्ये काय लिहिलंय, तेही तिथंच वाचून घेईन.