अननस घालून सळईवरचे आंबटगोड चिकन: कामाच्या दिवशी संध्याकाळी नीट कसे जमवावे?

स्नेहलतागंजकर (इंदूर)

नमस्कार. मी नोकरी करते आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजलेले असतात. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या स्वागतसमारंभात माझ्या दोन्ही मुलांनी चिकन, अननस आणि ढोबळी मिरची एकाआड एक ओवून भाजलेल्या सळया खाल्ल्या आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी त्याची मागणी होतेच. मी आतापर्यंत तीन वेळा प्रयत्न केला, आणि तिन्ही वेळा काहीतरी वेगळेच बिघडले.

पहिल्या वेळी सकाळी आठ वाजता बोनलेस चिकनला दही, आले-लसूण, तिखट आणि ताज्या अननसाचा वाटीभर रस लावून डबा फ्रिजमध्ये ठेवून गेले. संध्याकाळी तुकडे बाहेरून लिबलिबीत झाले होते, काडीत ओवताना फाटत होते आणि भाजल्यावर तोंडात पिठूळ लागले. मसाल्याला एक चमत्कारिक कडवटपणाही आला होता. दही आदल्या रात्री घरी विरजलेले, अगदी गोड होते, त्यामुळे दोष त्याचा नसावा. दुसऱ्या वेळी रस वगळून मध आणि लिंबू लावले, तर पाच-सहा मिनिटांत मध काळा पडला आणि आतले मांस गुलाबी, कच्चे राहिले. तिसऱ्या वेळी मध कमी केला, पण फळाला इतके पाणी सुटले की तव्यावर चिकन भाजले न जाता त्या पाण्यात शिजले.

माझ्याकडे गॅस, बिडाचा तवा आणि एक लहान ओव्हन आहे. कोळशाची शेगडी रविवारी ठीक, कामाच्या दिवशी शक्य नाही. सासूबाई शाकाहारी आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही वेगळ्या भांड्यात काहीतरी व्हायला हवे, आणि मुलांचा अभ्यास व झोप लक्षात घेता साडेआठपर्यंत पाने मांडावी लागतात. तासाभरात हे खरोखर होण्यासारखे आहे का, आणि माझे नेमके कुठे चुकते आहे, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

दांडियाबाजार (वडोदरा)

ताई, पहिल्या प्रयत्नातला पिठूळपणा आणि कडवटपणा या दोन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते ताज्या अननसात आहे. त्यात ब्रोमेलेन नावाचे विकर असते आणि ते प्रथिनांचे तुकडे पाडते. मटण लवकर शिजावे म्हणून आपण त्याला कच्च्या पपईचा कीस लावतो, तेव्हा पपईतले पपेन जे काम करते तेच काम इथे ब्रोमेलेन करते. फरक एवढाच की मटण राठ असते आणि त्याला ही मदत लागते, तर चिकन मुळातच कोवळे असते. त्याला अर्ध्या तासातच परिणाम जाणवू लागतो आणि आठ-दहा तासांत बाहेरचा थर अक्षरशः विरघळायला लागतो. तुमच्या दह्यातली प्रथिनेही याच विकराने तोडली आणि त्यांचे जे लहान तुकडे होतात ते चवीला कडू असतात. ताज्या अननसाचे रायते करून ठेवले की ते कडवट होते, तो प्रकार हाच. आमच्या घरी अननसाचे रायते करायचे असले की आई फोडी आधी साखरेच्या पाकात पाच मिनिटे उकळून घेत असे. कारण तिने कधी सांगितले नाही, पण तिचे रायते कधी कडू झाले नाही. उकळल्याने हे विकर निकामी होते, साधारण ७० अंशांच्या पुढे ते टिकत नाही. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून त्याने चिकन खराब होत नाही. जिलेटिनची जेली ताज्या अननसाने कधीच घट्ट होत नाही आणि डब्यातल्या अननसाने होते, त्याचे कारणही हेच आहे. किवी आणि कच्ची पपई यांनाही हाच नियम लावावा.

म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, चिकन आणि ताजे फळ यांची भेट काडीवर ओवतानाच व्हावी आणि ओवलेली काडी लगेच भाजायला जावी. चिकन आदल्या रात्री मुरवावे, पण फळाशिवाय. अर्धा किलो बोनलेस चिकन घ्या, आणि छातीऐवजी मांडीचे मांस मिळाले तर तेच घ्या, कारण त्यात स्निग्धांश जास्त असल्यामुळे दोन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी ते कोरडे पडत नाही. त्याला दोन मोठे चमचे घट्ट चक्का, एक मोठा चमचा आले-लसूण, पाऊण लहान चमचा मीठ, एक लहान चमचा तिखट, थोडी धने-जिरेपूड आणि एक मोठा चमचा तेल एवढेच लावावे. लिंबू रात्रभर लावून ठेवू नये. ते शेवटी पिळावे.

मग आंबटगोडपणा कुठून आणायचा? तो आपल्या घरात आधीपासूनच आहे. चिंच आणि गूळ. आमटीला आपण जी चव देतो तीच इथे आटवून लेपासारखी वापरायची. अर्धी वाटी चिंचेचा दाट कोळ, तेवढाच चिरलेला गूळ, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, अर्धा चमचा लाल मिरचीचे भरड तिखट, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी अननसाचा रस एकत्र करून मंद आचेवर ठेवा. सुरुवातीला वर फेस येतो आणि बुडबुडे लहान, उथळ असतात. सात-आठ मिनिटांनी बुडबुडे मोठे, जड होऊन सावकाश फुटू लागतात आणि आवाजही बदलतो. तेव्हा चमचा बुडवून उलटा करावा आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवावे. रेघ तशीच राहिली की गॅस बंद. गार झाल्यावर हा लेप आणखी दाटतो, म्हणून तव्यातच फार घट्ट होऊ देऊ नये. रस उकळला गेल्यामुळे ब्रोमेलेनची भीती उरत नाही. रविवारी हा लेप करून काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला, तर आठवडाभर सहज पुरतो.

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

वरचा सगळा खुलासा अगदी योग्य आहे. मी फक्त आच आणि पाणी यांविषयी लिहितो.

मध, गूळ, साखर यांपैकी काहीही सुरुवातीपासून लावले तर ते चिकन शिजण्याच्या कितीतरी आधी करपते, आणि मध तर साध्या साखरेपेक्षाही लवकर रंग धरतो. म्हणून गोड लेप शेवटच्या तीन-चार मिनिटांतच लावावा, एकदम जाड न लावता दोन पातळ हात द्यावेत. चिकन आत कच्चे राहण्याचे दुसरे कारण तुकड्यांचा आकार आणि ओवण्याची पद्धत हे असते. तुकडे सगळे सारखे, सुमारे तीन सेंटिमीटरचे असावेत, आणि ते एकमेकांना दाबून न ओवता मध्ये किंचित फट ठेवावी, म्हणजे बाजूंनाही उष्णता पोहोचते. एकाच काडीवर तुकडे गरगर फिरतात आणि उलटताना कच्ची बाजू पुन्हा कच्चीच राहते. दोन बारीक काड्या बोटभर अंतराने समांतर घातल्या की हा त्रास थांबतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात बुडवाव्यात. हे काम सकाळी निघताना करून ठेवले तरी चालते.

बिडाचा तवा उत्तम असतो, परंतु आपला पोळीचा तवा मध्ये खोलगट असतो आणि काडी त्याच्या दोन कडांवर टेकून मधले तुकडे अधांतरी राहतात. तुमच्याकडे ओव्हन आहे, तर मी त्याचाच उपयोग करीन. केकचे चौकोनी, उभ्या कडांचे भांडे घेऊन काड्यांची टोके त्याच्या समोरासमोरच्या कडांवर टेकवावीत, म्हणजे चिकन आणि फळ हवेत राहते आणि सुटणारे पाणी खाली भांड्यात पडते. तुमच्या तिसऱ्या प्रयत्नातली अडचण इथेच संपते. ओव्हन २२० अंशांवर नीट तापू द्यावा, दोन्ही कॉइल चालू ठेवून सहा-सात मिनिटांनी काड्या उलटाव्यात, आणखी पाच-सहा मिनिटांनी लेप लावावा आणि वरच्या कॉइलखाली तीन-चार मिनिटे ठेवून रंग आणावा. या शेवटच्या टप्प्यात ओव्हनपासून हलू नये.

चिकन शिजले की नाही हे ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश तापमान. टोचून पाहायचा तापमापक फार महाग नसतो आणि लहान मुलांच्या घरात तो असावाच, असे माझे ठाम मत आहे. तो नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. मांस आतपर्यंत पांढरे आणि रस स्वच्छ असला पाहिजे. कच्च्या चिकनला लागलेला ब्रश पुन्हा बरणीत घालू नये. लागेल तेवढा लेप आधीच वाटीत काढून घ्यावा आणि उरलेला फेकून द्यावा. आणखी एक विनंती, कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, कारण त्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर आणि कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात, आणि जंतू त्या वाटेने पसरतात.

पलासियावाली (इंदूर)

मी इंदूरचीच आहे, म्हणून इथल्या सोयीच्या तीन गोष्टी सांगते.

फळ नेहमी अननसच असले पाहिजे असे नाही. हिवाळ्यात अर्धवट पिकलेल्या पेरूच्या, बिया काढलेल्या फोडी ओवून पाहा. त्या आकार धरून ठेवतात, पाणी फारसे सोडत नाहीत आणि भाजल्यावर त्यांचा जो वास येतो तो मला अननसापेक्षाही आवडतो. एप्रिल-मे महिन्यांत कैरीचे जाड काप चालतात, मात्र त्या वेळी लेपात चिंच निम्मी करावी. संत्र्याच्या फोडी काडीवर घालू नयेत, त्या आचेवर फुटतात. त्यांचा रस लेपात घालावा. पिकलेली पपई तर वितळूनच जाते. अननस वापरायचा असेल तेव्हा मधला कडक दांडा काढून फोडी चिकनपेक्षा थोड्या मोठ्या कापाव्यात आणि ओवण्याआधी स्वच्छ पंचाने दाबून टिपून घ्याव्यात.

दुसरे, भाजून झाल्यावर वरून चाट मसाला घालण्याऐवजी आपले जीरावन भुरभुरावे. पोह्यांवर घालतो तेच. त्यात आमचूर, काळे मीठ, भाजलेले जिरे, हिंग असे सगळे असल्यामुळे गुळाच्या गोडव्याला लगेच तोल येतो. ते आधी लावू नये, आचेवर त्याचा सुगंध जातो.

तिसरे कोंबडीविषयी. आपल्याकडे शेजारच्या झाबुआचे कडकनाथ मिळते आणि २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे हौसेने ते आणण्याचा मोह होतो. माझ्या यजमानांनी एकदा आणले होते. रश्श्यासाठी मंद आचेवर ते अप्रतिम लागते, परंतु त्याचे मांस घट्ट असते आणि पंधरा मिनिटांच्या भाजण्यात ते चामट राहते. सळईसाठी साधे ब्रॉयलरच घ्यावे.

सासूबाईंसाठी पनीर, ढोबळी मिरची आणि अननस यांच्या काड्या त्याच लेपाने होतात. त्यांच्या काड्या, ब्रश, वाटी आणि तवा आधीपासून वेगळे ठेवावेत आणि बरणीतून त्यांचा लेप सर्वांत आधी काढून घ्यावा. माझ्या घरीही असेच चालते. वडीलधाऱ्यांना या बाबतीत पुन्हा पुन्हा विचारावे लागू नये, ही काळजी आपण घ्यायला हवी असे मला मनापासून वाटते.

स्नेहलतागंजकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी लेप केला, मंगळवारी रात्री जेवणानंतर दहा मिनिटांत चिकनला मसाला लावून ठेवला आणि काल, बुधवारी, काड्या केल्या.

सात पस्तीसला ओव्हन सुरू केला. तो तापेपर्यंत मोठ्या मुलीने अननस टिपून दिला आणि मी ओवत गेले. अर्धा किलोत प्रत्येकी चार तुकड्यांच्या आठ जोड-काड्या झाल्या. केकच्या भांड्यात त्या एका वेळी पाचच मावल्या, त्यामुळे दोन खेपा कराव्या लागल्या, आणि दुसऱ्या खेपेच्या काड्या ओवून न ठेवता मी पहिली खेप आत गेल्यावर ओवल्या. खाली भांड्यात जवळजवळ पाव वाटी पाणी साचले होते. तेच मागच्या वेळी तव्यावर होते, हे पाहून सगळा उलगडा झाला. लेप लावल्यावर तिसऱ्या मिनिटाला कडा गडद तांबूस झाल्या आणि गुळाचा खमंग वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. तुकडा कापून पाहिला, आत पूर्ण शिजलेला आणि रसदार होता, कडवटपणाचा मागमूसही नव्हता. सासूबाईंच्या पनीरच्या काड्या त्यांच्या स्वतःच्या तव्यावर मी आधीच परतून घेतल्या होत्या, आणि त्यांनी लेप आणखी मागून घेऊन पोळीबरोबर खाल्ला. आठ चाळीसला सगळे पानावर बसले होते.

एक शंका उरली आहे. मसाला लावलेले चिकन दोन आठवड्यांचे एकदम करून फ्रीझरमध्ये ठेवले तर चालेल का?

पलासियावाली (इंदूर)

चालेल. जेवढे एका वेळी लागते तेवढे पिशवीत भरून, हवा काढून, हाताने थापून अगदी पातळ सपाट करावे, म्हणजे ते लवकर गोठते आणि लवकर सुटते. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खाली फ्रिजमध्ये एका खोल ताटलीत ठेवावे, ओट्यावर ठेवू नये. सुटलेले चक्क्याचे पाणी निथळून टाकावे आणि मगच ओवावे, नाहीतर पहिली पाच मिनिटे वाफाळण्यातच जातात. फळ मात्र त्या पिशवीत घालू नका, गोठवल्याने ब्रोमेलेन मरत नाही.