ग्रीन कार्डवाले अमेरिकेत खरंच मतदान करतात का?

प्रश्न
निवडणूक जवळ आली की 'नागरिक नसलेले लाखो लोक मत देतात' असे मेसेज इथल्या मराठी ग्रुपवरही फिरतात. बहुतेक राज्यांत नोंदणीला नागरिकत्वाचा कागद मागत नाहीत. मग त्यांना अडवतं काय? आणि गाडीचं लायसन्स काढताना तिथेच मतदार नोंदणीही होते, त्यात चुकून यादीत नाव गेलं तर?

प्रतिसाद १
अडवते ती शिक्षा. 'मी नागरिक आहे' अशी खोटी सही केली तर ५ वर्षांपर्यंत कैद. संघीय निवडणुकीत मत दिलं तर १ वर्षापर्यंत, शिवाय हद्दपारीची टांगती तलवार. मत कोणाला दिलं ते गुप्त, पण दिलं की नाही याची नोंद राहते. पुढे एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरताना 'कधी मत दिलंय का' हा प्रश्न येतोच. एका मतासाठी इतकी वर्षं जमवलेलं बिऱ्हाड कोण पणाला लावेल?

२०१६ च्या निवडणुकीनंतर नॉर्थ कॅरोलिनाने तपासलं, तेव्हा सुमारे ४८ लाख मतांत नागरिक नसलेल्यांची ४१ निघाली. जॉर्जियाच्या २०२४ च्या तपासणीत ८२ लाखांच्या यादीत २० नावं. शून्य नाही, पण लाखो तर नाहीच नाही.

प्रतिसाद २
मोठे आकडे कुठून येतात तेही बघा. २०१९ मध्ये टेक्ससने सुमारे ९५,००० मतदार संशयित ठरवले. लायसन्सची जुनी माहिती मतदार यादीशी जुळवली होती. ग्रीन कार्डवर लायसन्स काढून नंतर नागरिक झालेले त्यात अडकले, आणि काही दिवसांतच सुमारे २५,००० नावं चुकीची निघाली. बातमी मात्र पहिल्या आकड्याचीच पसरली. तुम्ही नुकतेच नागरिक झाला असाल तर डीएमव्हीकडची (लायसन्स देणाऱ्या खात्याकडची) नोंद बदलून घ्या.

प्रतिसाद ३
चुकून नाव गेलं तर: मत देऊ नका, मतपत्रिका घरी आली तरी. आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, कारण फॉर्मवर नागरिकत्वाच्या चौकटीत खूण कोणाची, यावर पुढचं सगळं ठरतं. तो मूळ फॉर्म काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडून मागवा. मग नाव काढण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. चूक यंत्रणेचीही असते: २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीने सुमारे १,५०० अपात्र लोकांची नोंदणी झाल्याचं कबूल केलं होतं. एन-४०० मध्ये हे लपवू नका. रद्द झाल्याचं पत्र सोबत जोडा.

आणि मेरीलँडच्या टाकोमा पार्कमध्ये १९९२ पासून नागरिक नसलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मताधिकार आहे. तो फक्त तेवढ्यापुरता. राज्याच्या किंवा देशाच्या मतपत्रिकेला हात लावायचा नाही.