डीपीत रस्ता दिसतो, पऱ्या कुठाय?

पाखाडीकर: टपरीवर चिपळूणच्या विकास आराखड्यावरून, म्हणजे डीपीवरून, भांडण झालं, अर्धवट राहिलं म्हणून इथे टाकतोय. आपल्याकडे नगररचना म्हणजे रुंद रस्ते, बास. मोहेंजोदडोवाल्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वी कळलं होतं की आधी पाण्याचं बघा. घरातलं सांडपाणी गल्लीतल्या विटांच्या झाकलेल्या गटारात, मधे मधे गाळ काढायला उघडता येतील अशी झाकणं, आणि वीट कुठलीही उचला, जाडी-रुंदी-लांबी 1:2:4. आमच्या घरामागे पऱ्या, म्हणजे ओढा, होता, आजी पावसाळ्यात तिथेच भांडी घासायची. त्यावर स्लॅब पडला, वर गाळे झाले. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आलं ते येणारच होतं हो, पण उतरायला वाटच नव्हती, आम्ही माळ्यावर बसून खाली फ्रीज तरंगताना बघत होतो.

खाडीकाठचा: पुरे झालं कौतुक. मोहेंजोदडोलाही पूर यायचे, लोकं ओटे उंच करून तिथेच राह्यली. मग शहाणपणा आम्हालाच का? बाजारपेठ नदीकाठी आहे कारण गोवळकोट बंदरात गलबतं लागायची, हौस म्हणून नाही बसवली कोणी. आता नकाशावर निळी रेषा, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. वडलांचं दुकान निळीच्या आत, साधे पत्रे बदलायचे तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर. पाण्याचं नाव घेऊन माणसंच हाकलणार तुम्ही.

सुरंगी: खाडीकाठचा, हे मुंबईत होऊन गेलंय. 1896 ला प्लेग आला, 1898 ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, हवा खेळावी म्हणून दाट वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. पुढे पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार आले, त्यांचं म्हणणं, सरसकट पाडू नका, अडेल तेवढंच कापा. 1919 ला मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाले. ऐकलं किती जणांनी ते सोडा.

देवगडवाला: आमच्याकडे व्हाळ (तुमचो पऱ्यो) अजून उघडो आसा, रस्तोच इलो नाय म्हणान 😄

जांभा_चिरा: आधुनिक प्लॅनिंगला सरसकट शिव्या नकोत. नवी मुंबईत 1970 नंतर सिडकोने खाजणं, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदली, भरली हे खरं, पण भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवायला होल्डिंग पाँड, म्हणजे साठवण तळीही ठेवली, ओहोटीला झडपा उघडून पाणी खाडीत जातं. आता त्यात गाळ आणि तिवरं माजलीत, पण तो दोष नकाशाचा नाही, साफसफाईचा.

पाखाडीकर: मान्य. पण जाग कधी येते? 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास थेट पार्लमेंटच्या खिडकीत घुसला तेव्हा कुठे लंडनला इंजिनियर बॅझलजेटच्या भुयारी गटारांना पैसे मिळाले. आपला पऱ्या पण मंत्रालयाखालून न्यायला पाहिजे.

खाडीकाठचा: मंत्रालय राहू दे भाऊ. तुमच्या घरामागचा स्लॅब कोणी टाकला?

पाखाडीकर: काकांनी.

खाडीकाठचा: आणि गाळ्यांचं भाडं?

पाखाडीकर: अर्धं आमच्याकडे येतं. बोला आता.