ट्रेलरवरच्या बोटीला जागा : गल्लीतलं शेड पुरेल, की खळ्यात नवं उभं करू?

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर)

राम राम मंडळी.

आमचं गाव हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून, चांगदेवकडचं. वडिलांनी सगळी मासेमारी लाकडी होडीवर केली. आता आमच्याकडं १६ फुटी फायबरची बोट आहे, मागं पेट्रोलचं इंजिन. उन्हाळ्यात पाणी इतकं मागं सरतं की गाळातून बोट ओढता ओढता माणसं थकून जातात, म्हणून गेल्या वर्षी दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला. ट्रॅक्टरला पिन लावली की पाणी असेल तिथं बोट जाते. सोय झाली, पण आता हे सगळं ठेवायचं कुठं हा प्रश्न उभा राहिला.

आजवर बोट काठावरच्या लिंबाखाली असायची. वैशाखात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. उन्हानं फायबरचा रंग उडालाय, हात फिरवला की पांढरी पूड लागते. त्यात मध्यंतरी पेट्रोलची नळी आणि टाकीचं झाकण कुणीतरी काढून नेलं. काठावर ठेवायचं नाही, हे घरात ठरलंय.

आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी. बऱ्हाणपूरकडून तापीला आणि विदर्भातून पूर्णेला एकदम पाणी आलं की हतनूरचे ४१ दरवाजे उघडावे लागतात. अशा दिवसांत नदीकाठच्या शेतात राखणीला गेलेली माणसं, गुरं अडकतात. गावात ट्रेलरवर तयार असलेली बोट आमचीच. मध्यरात्री कुणी दार वाजवलं तरी ती निघाली पाहिजे. नुसती सावली मिळून भागणार नाही.

मापं अशी : दांडीच्या टोकापासून इंजिनाच्या पंख्यापर्यंत साडेबावीस फूट. त्यात बोट १६, पुढं दांडी साडेचार, मागं इंजिन दोन. मडगार्ड धरून रुंदी साडेसहा फूट. उंची इंजिनाच्या डोक्यापाशी सहा फुटांच्या आत.

घराला लागून जुना गोठा आहे, त्याचं आता पत्र्याचं शेड केलंय. आतून २० बाय १२. शटर आठ फुटी, बारा फुटांच्या बाजूला. समोरची गल्ली दहा फुटांची. सरळ बोट बसत नाही हे उघडच आहे, पण कर्ण काढला तर २३ फूट ४ इंच येतो. म्हणजे तिरकी लावली तर बसावी असा माझा हिशोब. घराशेजारी असली की राखणही होते.

दुसरी जागा गावाबाहेरचं आमचं खळं. ६० बाय ३५. कडब्याची गंजी, कुट्टी मशीन आणि दोन म्हशी सोडल्या तर बाकी मोकळं. पण तिथं रात्री कुणी नसतं. आणि जमीन पूर्ण काळी.

जाणकारांनी सांगा. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की कामाला हात घालायचा आहे, मृगाच्या आत उरकायला हवं.

केळीवाला (रावेर)

भाऊ, कुणाची जिनिंग ओळखीची असेल तर बघा. पावसाळ्यात कापूस नसतो, मोठी मोठी शेडं रिकामी पडलेली असतात. आमच्याकडं एकानं हार्वेस्टर असाच ठेवला होता. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की मात्र जागा खाली करावी लागते.

लोकोशेड निवृत्त (भुसावळ)

रावेरच्या भाऊंचा सल्ला मनापासूनचा आहे, पण जिनिंगमध्ये पेट्रोलचं इंजिन ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हंगाम संपला तरी कोपऱ्याकोपऱ्यात, पत्र्याला आधार देणाऱ्या कैच्यांवर रुई चिकटलेली असते. ती एका ठिणगीनं पेटते. शिवाय रात्री फाटकाची किल्ली कुणाकडं, वॉचमन कुठं, हे शोधत बसलात तर पुराचं पाणी थांबणार नाही.

आता पूर्णाकाठ, तुमच्या कर्णाबद्दल. २३ फूट ४ इंच बरोबर आहे, पण तो कर्ण दोरीसाठी आहे. दोरीला रुंदी नसते, बोटीला आहे. तिरकं लावलं की मागचे दोन कोपरे आणि दांडीचं टोक अशा तीन जागा भिंतींना भिडतात. मी कागदावर मांडून पाहिलं. लांबीच्या बाजूनं २० फुटांत बसवायला बोट इतकी तिरकी करावी लागते की दांडीचं टोक बारा फुटांच्या पलीकडं जातं. कुठल्याही कोनात बसत नाही. खात्री करायची असेल तर अंगणात चुन्यानं २० बाय १२ चा चौकोन आखा, ट्रेलरच्या मापाची बांबूची चौकट करून त्यात फिरवा. तासाभराचं काम आहे, आणि डोळ्यानं दिसलेलं घरातल्या सगळ्यांना पटतं.

इंजिन उतरवलं तर साडेवीस. तरी शटर लागत नाही.

पण समजा दांडी दुमडती केली, इंजिन काढलं आणि आत बसेल इतकी लांबी केली, तरी खरी अडचण गल्लीची आहे. तुमच्या ट्रेलरचा आस, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, दांडीच्या टोकापासून साधारण १४ फुटांवर असावा. मागून ढकलत आत घेताना आस उंबऱ्यावर आला की पुढचे १४ फूट बाहेर असतात. गल्ली दहाची! समोरच्या घराची भिंत आडवी येणार. आठ फुटी शटर म्हणता, पण दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरल्या की मोकळं पावणेआठच उरतं. साडेसहाचा ट्रेलर त्यातून तिरका काढायला जागाच नाही. दांडी तीन फूट दुमडली तरी अकरा फूट बाहेर राहतात, म्हणजे तेच.

रेल्वेत आम्ही नवीन डबा वळणावरून नेताना त्याची लांबी मोजून थांबत नसू, वळताना टोक किती बाहेर पडतं ते बघायचो. तुम्हीही तसंच बघा. जागा बोटीला किती लागते यापेक्षा बोट बाहेर पडायला किती लागते, ते आधी. त्या हिशोबात गल्लीतलं शेड बाद आहे.

ट्रॉलीवाला (चोपडा)

भुसावळच्या आप्पांनी माझं अर्धं काम केलं. मी ट्रॉल्या बनवतो, ट्रेलरही केलेत.

दुमडती दांडी करून देता येते. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला दोन पिना, वर सुरक्षेची साखळी. पण तुमच्यासाठी मी ती करणार नाही. रात्रीच्या घाईत, पावसात, बॅटरीच्या उजेडात एखादी पिन अर्धवट बसली तर दांडी रस्त्यात उघडते, आणि मागं बोटीत माणसं बसवायची सवय आपल्याकडं आहेच. ज्याला वर्षातून दोनदा बोट काढायची त्याला ठीक. तुमची दांडी अखंड राहू द्या आणि तोच पैसा मुरमात घाला.

हो, मुरूम. शेड नंतर. खळ्याची माती काळी आहे म्हणता, मग हा मुद्दा सगळ्यात आधी घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि चिखल झाला की लोण्यासारखी होते. चार महिने एका जागी उभा असलेला ट्रेलर स्वतःच्या वजनानं रुततो. मग ट्रॅक्टर लावला की तोही रुततो. जुलैत बोट हवी आणि ती चिखलात बसलेली, असं होऊ द्यायचं नसेल तर शेडच्या तळापासून पक्क्या रस्त्यापर्यंत मुरूम पाहिजे. पूर्ण खळं भरायची गरज नाही. चाकांच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी तीन फूट रुंद. फूटभर काळी माती उकरा, खाली डबर, वर मुरूम, पाणी मारून ट्रॅक्टरनं दाबून घ्या. पट्ट्या शेजारच्या जमिनीपेक्षा थोड्या उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही.

शेड २६ बाय ११ करा. दोन्ही टोकं उघडी. एका बाजूनं ट्रॅक्टर बोट घेऊन आत आला की सरळ दुसऱ्या बाजूनं निघून जाईल, बोट मधे राहील. निघताना पुढून पिन लावली की चालले. ट्रेलर रिव्हर्स घेणं गावात चार जणांनाच जमतं, आणि पुराच्या रात्री त्यातला एकही घरी नसतो. खळ्याच्या मागच्या बाजूला वाट आहे का, ते सांगा.

खांब काळ्या मातीत नुसते गाडू नका. खाली कडक मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, मग काँक्रीट. मेच्या शेवटी जी वावटळ आणि वादळ येतं, ज्यानं रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात, ते आधी पत्रा उचलतं. पत्रा पाईपला धरून ठेवणारे जे-हुक जवळजवळ मारा.

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर)

आप्पा, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी अंगणात चुना टाकून बांबूची चौकट फिरवली. आई ओट्यावरून बघत होती, तिनंच आधी सांगितलं, "नाही बसत, खळ्यात ने." विषय संपला.

मागं वाट आहे. खळ्याच्या पश्चिमेला चुलत काकांची पडीक पट्टी, आणि तिच्या पलीकडं गाडवाट. ती थेट धरणाच्या काठाकडं जाते, म्हणजे गावातून फिरून जायचीही गरज नाही.

राखणीचं काय करावं? आणि खळ्यात कडबा असल्यानं उंदीर फार आहेत, बोटीचं नुकसान करतील का?

तापीमाय (प्रकाशा)

आमच्याकडं बॅरेजच्या पाण्यात बोटी चालतात, म्हणून हे रोजचं आहे.

जिभाऊ, उंदीर बोट खात नाहीत, नळ्या आणि वायरी खातात. इंजिन काढून घरी न्या. राखणीचा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो, कारण चोराला हवं असतं ते इंजिन. दोन माणसांत उतरतं आणि लागतं. घरात लाकडी घोडीवर उभं टांगा, आडवं टाकू नका. आत राहिलेलं पाणी उलटं वर, सिलिंडरकडं जाऊ शकतं. उतरवायच्या आधी नळी काढून, चालू इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहून चिकटा होत नाही. हे करताना थंड पाण्याची सोय हवी, कोरडं चालवायचं नाही. मोठा ड्रम भरून त्यात पंखा बुडवून आम्ही चालवतो. टाकी स्वयंपाकघर आणि देवघरापासून लांब, हवेशीर जागी.

पावसाळ्यात मात्र आमचं इंजिन बोटीलाच लावलेलं असतं, साखळी आणि कुलूप घालून, आणि रोज कुणीतरी फेरी मारतं. तुम्हालाही तेच करावं लागेल. रात्रीच्या अंधारात इंजिन बसवण्यात वेळ जातो. नळी तेवढी घरी, खुंटीला.

बोटीचं सांगतो. तळाचं बूच काढून ठेवा आणि ट्रेलरची दांडी दगडावर टेकवून पुढची बाजू जरा वर घ्या, म्हणजे आत गेलेला थेंबही मागून निघून जातो. काढलेलं बूच मात्र दोरीनं दांडीलाच बांधा! नजरेसमोर असलं की ते न लावता कुणी बोट पाण्यात उतरवणार नाही.

ताडपत्री फायबरला चिकटवून टाकू नका. खाली वाफ धरते आणि शेवाळ येतं. मधे बांबूचा कणा ठेवा, दोन्ही टोकांना हवा खेळू द्या. उन्हाळ्यात पत्र्याखालीही भट्टी होते, बाजूंना हिरवं शेडनेट लावलं तर ऊन अडतं आणि वारा येतो. मागच्या फळीत प्लायवूड असेल तर वाळवीवर लक्ष ठेवा, काळ्या मातीतून ती ट्रेलरच्या टायरवरूनही चढते. आम्ही टेकूंच्या पायांना जळकं ऑइल लावतो.

बोट बराच काळ उभी राहणार असेल तेव्हा आसाखाली लाकडी ठोकळे देऊन टायरवरचा भार कमी करा. पण पावसाळ्यात ठोकळे नकोत, चाकं जमिनीवर, हवा भरलेली. आणि ट्रेलर पाण्यात उतरवत असाल तर बेअरिंगमध्ये ग्रीस भरत राहा. गरम झालेलं चाक एकदम थंड पाण्यात गेलं की बेअरिंग पाणी ओढून घेतं. वाटेत चाक जाम झालं तर रस्ताच बंद.

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर)

सगळं वहीत उतरवून घेतलं. बुचाचं तर आजच केलं.

काकांशी बोललो. पट्टी पडीकच आहे, पण त्यांना तिथून बैलगाडी न्यायची असते. त्यांचं म्हणणं, मुरमाच्या पट्ट्या टाक, माझी गाडीही त्यावरूनच जाईल, फक्त बोट काढताना माझ्या बैलांना बिचकवू नको. त्यांनी दहा फूट रुंदीची वाट मोकळी करून द्यायचं कबूल केलंय, आणि मुरमाच्या दोन ट्रॉल्या त्यांच्याच शेतातल्या टेकाडावरून उचलायला सांगितल्यात. राखणीला काकांचा मुलगा खळ्यातच झोपतो म्हणाला, त्याला एक दिवा आणि पंखा लावून देतोय.

चोपड्याचे दादा, आता तुमच्यावर आलं. शेड २६ बाय ११, बोट उत्तर-दक्षिण उभी राहील. उत्तरेकडून रस्ता आत येतो, दक्षिणेच्या टोकाला पश्चिमेकडं वळून पट्टीवरून गाडवाटेला लागायचं. त्या वळणावर ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून किती मोकळी जागा सोडू? खांब रोवायच्या आधी हे कळलं पाहिजे. पत्र्याचा उतार पूर्वेकडं ठेवायचा विचार आहे. पाईप दोन इंची घेऊ की अडीच?

ट्रॉलीवाला (चोपडा)

खांबांना अडीच, वरच्या कैच्यांना दोन चालेल. वळणाचं असं फोनवर सांगण्यासारखं नाही. ट्रॅक्टरला ट्रेलर लावा, मोकळ्या शेतात हळू वळण घ्या आणि चाकांच्या खुणांवर चुना टाका. आतलं चाक आणि बाहेर जाणारं टोक, दोन्हींच्या खुणा घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त धरा, कारण रात्री कुणी तितकं नेमकं वळत नाही. त्या मापाचा फोटो टाका, मग खांबांच्या जागा सांगतो.