जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी: आधी जोडणी तपासावी

२०१२ च्या थिंकपॅड एक्स२३० या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई ड्राइव्ह (एसएसडीचा, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचा, वेगवान प्रकार) बसवावा, असा सल्ला एका चर्चेत दिला गेला आहे. परंतु असा ड्राइव्ह ज्यात बसतो तो एम.२ स्लॉटच त्या लॅपटॉपमध्ये नसल्यामुळे हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडीच घ्यावा लागेल, आणि तोही ७ मिमी जाडीचा. मुख्य जोडणी साटा-३ असल्याने वाचनाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत मिळू शकतो. एमसाटा स्लॉट (छोट्या कार्डासारख्या एसएसडीसाठीची वेगळी जागा) मात्र आधीच्या पिढीचा, म्हणजे साटा-२ आहे, म्हणून तिथे हा वेग जवळपास निम्म्यावर येतो.

माझ्या मते जाहिरातीतील वेगापेक्षा डीरॅम कॅशे (ड्राइव्हमधील वेगवान तात्पुरती मेमरी) आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे पाहणे अधिक गरजेचे आहे, कारण बराच भरलेल्या स्वस्त क्यूएलसी (प्रत्येक सेलमध्ये चार बिट साठवणाऱ्या) ड्राइव्हवर मोठ्या फाइली कॉपी करताना लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो.

बसवणे सोपे आहे. कडेचे झाकण काढून जुनी डिस्क बाहेर ओढावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या नव्या ड्राइव्हला आठवणीने चढवाव्यात, अन्यथा तो कप्प्यात सैल राहतो. क्लोन केल्यानंतर (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या ड्राइव्हवर घेतल्यानंतर) लॅपटॉप नव्या ड्राइव्हवरून नीट सुरू होतो याची खात्री पटेपर्यंत जुनी डिस्क कृपया फॉरमॅट करू नये.